झोपलेला दाणा, जागा दाणा

पोरांनो, या, जवळ बसा. काल धाकट्याने पोंक खाता खाता मला एक प्रश्न विचारला. "आबा, चीनला ज्वारी लागते म्हणता, मग आपला पोंक जहाजात भरून तिकडे का नाही पाठवत?" तुम्ही मोठी पोरं हसलात. मला हसू आलं नाही, कारण त्या प्रश्नात शेत, बाजार आणि समुद्र तिन्ही आले. रात्रभर मी त्याचाच विचार करत होतो. आज नीट उत्तर देतो.

आपल्या बमरोलीत थंडी पडली की दोन ज्वाऱ्या घरात येतात. एक हा पोंक. अडाजणच्या बाजूला तापीकाठी मांडव पडतात, निखाऱ्यावर कणसं भाजतात, झोडपून हिरवे दाणे काढतात आणि लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर आपण ते बोकाणा भरून खातो. महाराष्ट्रात यालाच हुरडा म्हणतात. दुसरी ज्वारी म्हणजे दादर. ती येते गावाकडून. आपल्या गल्लीत कोणी अमळनेरचं, कोणी दोंडाईचाचं, कोणी शहाद्याचं. मागावर काम करायला आलेली ही सगळी खानदेशी माणसं, पण पोटाने अजून गावाला बांधलेली. कोणी गावाहून निघालं की भुसावळ-सुरत गाडीत एक गोणी चढते. नवापूरचं स्टेशन लागतं, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. मग व्यारा, बारडोली आणि शेवटी आपलं उधना. तापीसुद्धा याच दिशेने येते. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, खानदेशातून वाहत येते आणि सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते.

पोंकाचे दाणे हिरवे, मऊ आणि गोड. दादरचे मोत्यासारखे पांढरे आणि टणक. तरी झाड एकच, ज्वारीचं. फरक वयाचा आहे. पोंक हा जागा दाणा आणि दादर हा झोपलेला दाणा. जगातला धान्याचा सगळा व्यापार या झोपेवर चालतो, हे आज तुम्हाला सांगायचं आहे.

ज्वारी मूळची आपली नाही. आफ्रिकेत, आजच्या सुदानच्या पूर्व भागात, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणसाने ती रानातून शेतात आणली. तिथून ती आपल्याकडे आली आणि काळ्या मातीत अशी रुजली की इथलीच झाली. खानदेशात दादर पेरतात पावसाळा सरताना. पुढे पाऊस बहुधा नसतोच. काळ्या जमिनीने पोटात धरून ठेवलेली ओल आणि रात्रीची थंडी एवढ्यावर ती वाढते. उन्हाचा ताप झाला की पान स्वतःला गुंडाळून घेतं, म्हणजे पाणी कमी उडतं. पानावर मेणाचा पातळ थर असतो. हात फिरवला की पांढरट भुकटी बोटाला लागते, ती तीच.

मग पीक पोटरीत येतं, म्हणजे कणीस पानाच्या आवरणात फुगून बसतं. मग निसवतं, म्हणजे बाहेर पडतं. मग फुलोरा. आणि फुलोऱ्यानंतर सुरू होतो खरा चमत्कार. पान उन्हापासून साखर करतं. ती साखर ताटातून वर चढून एकेका दाण्यात उतरते. आधी दाण्यात नुसता चीक असतो. नखाने दाबलात तर दुधासारखा थेंब येतो. दाण्याच्या आत साखरेचे बारीक कण एकमेकांना जोडून लांबच लांब साखळ्या तयार होत जातात. या साखळ्या म्हणजे पिठूळ भाग, स्टार्च. तुमच्या भाकरीचं पीठ ते हेच.

पोंकाची वेळ चीक आणि पीठ या दोन्हींच्या मधली. चीक घट्ट झालाय, पण सगळी साखर अजून साखळीत गेलेली नाही. म्हणून तो गोड. दाण्यात निम्म्याच्या आसपास पाणी आहे, म्हणून तो मऊ. गूळभेंडी आणि सुरती हे हुरड्याचे वाण याच गोडीसाठी नावाजलेले. पण ही गोडी फार थोडे दिवस असते. आठवडाभर उशीर केला की साखरेचं पीठ होतं. आणि कणीस तोडून नुसतं ठेवलं तरी दाणा आत काम करतच राहतो. साखर वापरतो, पाणी सोडतो आणि संध्याकाळपर्यंत चिवट होतो. म्हणून पोंकवाला सकाळचा माल त्याच दिवशी संपवायला बघतो. धाकट्या, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. जागा दाणा प्रवास करू शकत नाही.

मग तो झोपतो कसा?

फुलोऱ्यापासून साधारण चाळीस दिवसांनी दाण्याच्या बुडाशी, जिथे तो कणसाला चिकटलेला असतो तिथे, एक काळा ठिपका दिसू लागतो. ताई, ती दादरची वाटी आण. आता एक दाणा चिमटीत धरून उलटा कर. अंकुर असतो त्याच्या विरुद्ध बाजूला, अगदी टोकाला बघ. दिसला? हा ठिपका म्हणजे बंद झालेला रस्ता. आईकडून, म्हणजे झाडाकडून, साखर ज्या वाटेने येत होती, ती वाट दाण्याने स्वतः बुजवली. आता त्याला बाहेरून काही नको. शास्त्रज्ञ म्हणतात, दाणा पक्व झाला. शेतकरीही हाच ठिपका बघून काढणीचा अंदाज घेतो. अमेरिकेत कॅन्सस नावाचं राज्य आहे. जगाला ज्वारी विकणाऱ्या मोठ्या देशांपैकी अमेरिका एक, आणि तिथली ज्वारी मुख्यतः याच राज्यात पिकते. त्यांचं शेती खातं हंगामात दर आठवड्याला सांगतं, किती टक्के ज्वारी निसवली, कितीला रंग आला, किती पिकली, किती कापली. जगभरचे व्यापारी त्या आकड्यांवर डोळा ठेवून भाव ठरवतात. पण ते आकडे येतात कुठून? शेताच्या बांधावर उभं राहून कणसाकडे बघणाऱ्या माणसाकडून, जसा तुमचा पणजोबा बघायचा.

पण पिकलेल्या दाण्यातही पंचवीस ते पस्तीस टक्के पाणी असतं. ते हळूहळू जातं आणि बारा-तेरा टक्क्यांवर येतं. आता तुम्ही विचार करा. आपल्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी आहे. त्यातलं थोडंसं कमी झालं तरी माणूस दगावतो. झाड वाळलं की मरतं. मग दाणा इतका कोरडा होऊन मरत का नाही?

याची एक किल्ली १९८१ साली अमेरिकेत सापडली, आणि सापडली कशात? कापसाच्या बीत! आपल्या कापडाच्या सुरतेला हे ऐकून बरं वाटेल. लिऑन ड्यूर आणि त्यांचे सहकारी सरकी कशी तयार होते ते तपासत होते. बी पिकण्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत तिच्यात काही प्रथिनं भराभर वाढतात, असं त्यांना दिसलं. पुढे कळलं की पाणी निघून जातं तेव्हा ही प्रथिनं पेशीतल्या नाजूक भागांना चुरगळू देत नाहीत, एकमेकांना चिकटू देत नाहीत. त्यांच्या जोडीला काही साखरा असतात. पाणी उडालं की त्या साखरा घट्ट होऊन पेशीच्या आत काच बनते. खरोखरची काच, फक्त वाळूऐवजी साखरेची. त्या काचेत सगळं जागच्या जागी थांबतं. ना काही हलतं, ना काही बिघडतं. दाणा मेलेला नसतो. तो थांबलेला असतो. थोडं पाणी मिळालं की काच विरघळते आणि काम जिथे थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू होतं.

ही झोप किती लांब असू शकते? इस्रायलमधल्या मसाडा नावाच्या जुन्या किल्ल्यात खजुराच्या बिया सापडल्या होत्या, सुमारे दोन हजार वर्षं जुन्या. २००५ साली त्यातल्या काही पेरल्या आणि एकीला कोंब फुटला. तिकडे नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ स्वालबार्ड बेटांवर २००८ साली डोंगराच्या पोटात बियांचं कोठार उघडलं. उणे १८ अंशांवर जगभरची बियाणी तिथे झोपवून ठेवली आहेत. एखाद्या देशाचं बियाणं युद्धात किंवा पुरात गेलं तर तिथून परत आणता यावं म्हणून.

आता उलटं बघा. झोप मोडली तर काय होतं? आई मटकीला मोड आणायला फडक्यात बांधून ठेवते ना? सकाळी ती पुरचुंडी हातात घ्या. कोमट लागते. चूल नाही, ऊन नाही, मग ऊब कुठली? ओल मिळाल्यावर जागा झालेला दाणा श्वास घेतो. आपल्यासारखाच प्राणवायू घेतो, साखर जाळतो, कर्बवायू सोडतो, पाणी सोडतो आणि ऊब सोडतो. एका पुरचुंडीत ती ऊब गोड वाटते. पण गोदामात हजार पोती एकावर एक रचली आणि मधली दहा ओली राहिली, तर तीच ऊब वाढत जाते. सुटलेल्या पाण्याने शेजारची पोती ओलावतात, तीही श्वास घेऊ लागतात. मग बुरशी येते, सोंडे येतात आणि कोठाराच्या मधोमध धान्य तापून काळं पडतं.

म्हणून बाजार समितीत व्यापारी आधी हात घालतो तो पोत्यात. पोकळ लोखंडी सळई पोत्यात खुपसून मधले दाणे काढतो. त्यातला एक दाताखाली धरतो. कट्‌ असा आवाज आला तर वाळलेला. नुसता दबला तर ओला, आणि मग भाव खाली. हल्ली ओलाव्याचं यंत्रही असतं, पण दात अजून निवृत्त झालेले नाहीत. शेतकऱ्याने चार महिने राबून आणलेल्या मालाची किंमत अशी त्या दोन-चार टक्के पाण्यावर ठरते. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला की खानदेशात माणसं ताडपत्री घेऊन खळ्याकडे का धावतात, ते आता कळलं? नुसता माल भिजत नाही. झोपायला निघालेला दाणा पुन्हा जागा होतो. कधी कधी कणसातच कोंब फुटतात.

ओल्या दाण्याची एक दुःखद गोष्टही तुम्हाला माहीत हवी. १९७४ साली पावसाळा सरता सरता आपल्याच गुजरातेतल्या पंचमहालात आणि शेजारच्या राजस्थानातल्या बांसवाड्यात मका काढायच्या वेळी पाऊस झाला. आदिवासी घरांमध्ये तोच ओला मका साठवला गेला. त्यावर एक बुरशी वाढली आणि तिने अफ्लाटॉक्सिन नावाचं विष दाण्यात सोडलं. ते खाऊन माणसांची यकृतं निकामी झाली. शंभराहून जास्त माणसं गेली. त्यांच्या ताटातलं खाणारी कुत्रीही मेली. ती माणसं गरीब होती. घरातला मका टाकून दुसरं धान्य आणायची त्यांची ऐपत नव्हती. आज युरोपात खायचं धान्य पाठवायचं तर बहुतेक धान्यांत या विषाच्या मुख्य प्रकाराची मर्यादा आहे किलोला २ मायक्रोग्रॅम, म्हणजे अख्ख्या टनात २ मिलिग्रॅम. निर्यातीचे हे कडक नियम कोणाला जाचक वाटतात. मला ती गावं आठवतात आणि वाटतं, असे नियम आपल्या स्वतःच्या ताटासाठीही तितकेच कडक हवेत.

आपल्या पूर्वजांना बुरशीचं नाव ठाऊक नव्हतं, पण दाणा श्वास घेतो हे त्यांनी ओळखलं होतं. महाराष्ट्रात जमिनीत खोल खड्डा करून त्यात ज्वारी भरायचे, त्याला पेव म्हणायचे. आतून कडबा लावायचा, वरून तोंड मातीने बंद. आतले दाणे आणि किडे आतलाच प्राणवायू वापरून संपवायचे, कर्बवायू साठायचा आणि किडे गुदमरून मरायचे. दाणा मात्र झोपेत तगायचा. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, अशी सक्त ताकीद असायची, कारण त्या हवेत माणूसही गुदमरतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद ठेवायला अशी पेवं होती. आज हवाबंद प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांत धान्य ठेवतात, त्यातलं तत्त्व हेच.

आता समुद्राकडे येऊ. चीनला ज्वारी लागते ती डुकरं आणि बदकं पोसायला, आणि माओताईसारखी त्यांची दारू गाळायला. २०१८ च्या सुमारास ती मुख्यतः अमेरिकेतून जात होती. १७ एप्रिल २०१८ रोजी चीनने अचानक जाहीर केलं की अमेरिकेच्या ज्वारीवर १७८.६ टक्के रक्कम अनामत म्हणून भरावी लागेल. त्या दिवशी वीसेक जहाजं ज्वारी घेऊन भर समुद्रात होती. काहींनी तिथेच तोंड फिरवलं आणि दुसऱ्या देशांची वाट धरली. महिनाभरात, १८ मे रोजी, चीनने तो हुकूम मागे घेतला. दोन बलाढ्य देश भांडले, भाव पडले, चढले, जहाजं वळली. आणि त्या जहाजांच्या पोटात हजारो टन ज्वारी शांत झोपली होती. ताज्या भाजीचं जहाज असतं तर कुजून गेलं असतं. धान्य थांबू शकतं, म्हणूनच माणसं त्याच्यावर व्यापार करू शकतात, भांडूही शकतात आणि समेटही करू शकतात.

ताई म्हणते, मग सगळं माणसाच्या हातात आहे. नाही गं. २०२२ चा मार्च आठव. १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातला तो सर्वात तापलेला मार्च. उत्तरेत गहू तेव्हा चिकात होता. साखरेच्या साखळ्या जोडणारी जी प्रथिनं असतात ना, ती फार उष्णतेत काम सोडतात. उष्म्याने दाणा घाईघाईने पिकला आणि आतून पोकळ, सुरकुतलेला राहिला. फेब्रुवारीत सरकारचा अंदाज होता ११ कोटी १३ लाख टन गव्हाचा. मे महिन्यात तो १० कोटी ६४ लाखांवर आला. तिकडे युक्रेनच्या युद्धामुळे जगात गव्हाचा भाव चढला होता आणि आपल्याकडून भराभर गहू बाहेर चालला होता. १३ मे रोजी सरकारने निर्यात थांबवली. कच्छच्या कांडला बंदराबाहेर गव्हाच्या ट्रकांच्या लांबच लांब रांगा लागल्या. एका महिन्याच्या उन्हाने दाण्याच्या आत जे केलं, ते असं बंदरापर्यंत पोचलं.

तांदळाचंही असंच. जगात विकल्या जाणाऱ्या तांदळापैकी चाळीसेक टक्के भारताचा. २० जुलै २०२३ रोजी सरकारने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. पावसाची चिंता होती, घरात भाव चढत होते. आफ्रिकेतल्या कितीतरी घरांत त्याची झळ लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये दार पुन्हा उघडलं आणि त्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्ये, सुमारे दोन कोटी टन तांदूळ बाहेर गेला. आपल्या धुळे-नंदुरबारकडच्या मक्याचं चक्र तर उलटंच फिरलं. २०२२-२३ मध्ये भारताने तीस लाख टनांहून जास्त मका बाहेर विकला. मग मक्यापासून इथेनॉल करायचे कारखाने वाढले आणि २०२४ मध्ये आपण म्यानमार आणि युक्रेनकडून मका आणू लागलो. ज्वारी मात्र बहुतेक घरातच खपते. सरकारने २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३७४९ रुपये ठरवला. तो हाती पडणं ही वेगळी लढाई आहे, आणि ती तुमच्या मामा-काकांना दरवर्षी लढावी लागते.

तर धाकट्या, तुझं उत्तर आता पुरं झालं. पोंक चीनला जात नाही, कारण तो जागा आहे. तो इथेच, त्याच दिवशी, आपल्यातच वाटून खायचा. आणि दादर कुठेही जाऊ शकते, कारण तिने स्वतःला झोपवलं आहे. पण ही झोप तिला सुखाने लागावी म्हणून शेतकऱ्याला काढणीच्या वेळी आठ-पंधरा दिवस कोरडी हवा लागते, पसरायला जागा लागते, पाऊस आला तर झाकायला ताडपत्री आणि माल ठेवायला कोरडं गोदाम लागतं. ज्या देशात एवढं धान्य पिकतं, तिथे बाजाराच्या आवारात उघड्यावर पोती भिजावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ते नुसतं नुकसान नाही. तो जिवंत दाणा आहे आणि त्याला आपण नीट झोपूही देत नाही.

उद्या एक काम करा. गोणीतले शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट घाला आणि ते सुकू देऊ नका. चार-पाच दिवसांनी उघडून किती दाण्यांना कोंब आले ते मोजा. ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याला शंभरात किमान पंचाहत्तर उगवावे लागतात. आपल्या दादरचे त्याहून जास्त आले, तर गावाला फोन लावून सांगा की यंदाची दादर पेरायलाही चालेल. तिकडे पेरणीच्या आधी हेच तपासायचं असतं, आणि तुमचा आकडा त्यांच्या खरोखर कामाला येईल.